उपाध्यक्ष दस्तगीर नदाफ

"हे नदाफ म्हणजे गाद्या पिंजतात तेच ना?" हिरेमठ वकिलांनी यादीवरचं पेन उचललं आणि चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघितलं.

"तेच की. दस्तगीर. माझा शाळेपासूनचा दोस्त," हे म्हणाले.

"तुमच्या या कामातल्या गाद्या तेच पिंजतात?"

"तर! तो नसता तर आमचं काम कवाच बंद पडलं असतं."

"फुकट पिंजतात?"

"फुकट कशाला? गादीमागं मजुरी देतो की आम्ही. त्याचं पोट हाय त्यावर."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "मग यांचं नाव विश्वस्तांत घालता येणार नाही. घालायचंच असेल तर मजुरी बंद करावी लागेल. दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा."

मी शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसले होते. विश्वस्तांत माझंही नाव होतं. एका घरातली दोन माणसं चालतील, तिसरं नको, असं वकिलांनी आधीच बजावलं होतं, त्यामुळे माझे दीर घरी फुगून बसले होते. वकील माणूस कोरडा, पण सल्ला चोख. गडहिंग्लजमध्ये अर्ध्या पतसंस्था आणि सगळी देवस्थानं त्यांच्याच टेबलावर जन्मली होती. सकाळपासून त्यांनी आम्हाला बरंच काही शिकवलं होतं. संस्थेचे उद्देश मोघम लिहू नका. एकाच देणगीदारावर संस्था चालवू नका, दोरी त्याच्या हातात जाते. पावतीशिवाय रुपयाही घेऊ नका, मग तो सख्ख्या भावाचा का असेना. हे सगळं ह्यांनी शाळेतल्या शहाण्या मुलासारखं मान डोलवून ऐकलं होतं. पण दस्तगीरभाऊजींचं नाव निघालं आणि ह्यांची मान ताठ झाली.

"असला कसला कायदा?" हे म्हणाले.

"पैसे देणाऱ्या इंगवले साहेबांची अट आहे. आणि त्यांनी घातली नसती तर मी घातली असती. विश्वस्तानं संस्थेकडून कामाचे पैसे घ्यायचे नाहीत. आज गादीची मजुरी, उद्या दुसरा म्हणेल माझ्या टेम्पोचं भाडं. संस्थेला पहिल्याच वर्षी वाळवी लागेल. तुम्ही असं करा, नदाफांनाच विचारा. नाव हवं की काम."

हे मोठ्यानं हसले. "दस्तगीरला काय विचारायचं? त्याला आणि मला वेगळं विचारायची पाळी आली तर मग झालंच की! घाला नाव. उपाध्यक्ष म्हणून घाला."

वकिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पेन उचललं आणि नाव लिहिलं.

आता हे काम कसलं, ते सांगते. माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्यासाठी ह्यांनी मिरजेहून दवाखान्यातली लोखंडी कॉट आणली होती, डोक्याकडनं उचलणारी. सासूबाई गेल्या आणि कॉट कापडदुकानाच्या मागच्या खोलीत उभी राहिली. पंधरवड्यात गल्लीतल्या कोरी मास्तरांना लकवा मारला आणि त्यांचा मुलगा कॉट मागायला आला. ती दिली. मग कुणी आपल्या घरची चाकाची खुर्ची आणून टाकली, कुणी वॉकर, कुणी बसायचं भांडं. घरातलं माणूस बरं झालं काय किंवा गेलं काय, असल्या वस्तू लोकांना डोळ्यांपुढे नको असतात. बघता बघता मागची खोली भरली आणि आमचे हे दुकानात कमी आणि त्या खोलीत जास्त दिसायला लागले. गिऱ्हाईक खण मागायला यायचं आणि हे त्याला वॉकर दाखवायचे. मी चिडायचे, पण आतून बरंही वाटायचं.

खरी अडचण गादीची होती. कॉट पुसून देता येते. पण जिच्यावर माणूस गेलं त्या गादीवर आपलं माणूस कोण झोपवणार? आमच्याकडे अशी गादी नदीकाठी टाकून देतात. तिथं दस्तगीरभाऊजी उभे राहिले. गादी परत आली की ते ती उसवायचे, खोळ सोड्यात उकळायचे, कापूस दोन दिवस माडीवर उन्हात घालायचे आणि मग पिंजण घेऊन बसायचे. टंग टंग आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. बायका नाकाला पदर लावून विचारायच्या, "कुणाची गादी हो?" आणि आमचे हे म्हणायचे, "आता कुणाचीच न्हाई. पिंजलेला कापूस आणि न्हालेलं पोर, दोन्ही सारखंच." लोकांना ते पटायचं. गादी पुन्हा कुणाच्यातरी घरी जायची.

पुण्यात कारखाना असलेले आमच्या गावचे इंगवले साहेब आईच्या आजारपणात आले. आईला आमच्याच कॉटवर बघितलं. जाताना ह्यांचे हात धरून म्हणाले, "शिंत्रे अण्णा, हे खोलीतलं काम नाही. संस्था काढा, नोंदणी करा, मी पैसे देतो." ह्यांना दोन रात्री झोप नव्हती. म्हणून आम्ही हिरेमठ वकिलांकडे गेलो होतो.

त्याच आठवड्यात रविवारी आमच्या माडीवर सभा झाली. सतरंज्या घातल्या, मी सगळ्यांसाठी उप्पीट केलं. डॉक्टर कुरणे आले, तेलवेकर गुरुजी आले, वकील आले, गल्लीतली पंचवीस-तीस माणसं आली. दस्तगीरभाऊजी सवयीप्रमाणे जिन्याजवळ बसले होते. अंगात धुतलेला सदरा, पण केसांत कापसाचा एक पुंजका राहिलाच होता.

ह्यांनी उभं राहून एकेक नाव वाचलं. शेवटी म्हणाले, "आणि आपले उपाध्यक्ष, दस्तगीर बाबालाल नदाफ! ये रे, पुढं ये. असा खुर्चीत बस."

टाळ्या पडल्या. भाऊजी उठले ते गोंधळूनच. गुरुजींनी त्यांच्या गळ्यात हार घातला. मी त्यांचं तोंड बघत होते. खोटं कशाला सांगू, त्या तोंडावर आनंद होता. ज्या माणसाला गावानं जन्मभर 'ए पिंजारी' म्हणून रस्त्यातनं हाक मारली, त्याच्या नावापुढं बापाचं नाव लावून कुणी वाचतंय, याचा आनंद होता तो. डोळे भरले होते त्यांचे.

तेवढ्यात वकिलांनी खाकरून आपलं कर्तव्य केलं. "नदाफ, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विश्वस्त झाल्यावर संस्थेकडून मजुरी घेता येणार नाही. चालेल?"

मला राहवलं नाही. "मग गाद्यांचं कसं करायचं?" मी विचारलं.

"हिला मेलीला गाद्यांचीच काळजी!" हे म्हणाले आणि सगळे हसले.

भाऊजीही हसले. हाराशी चाळा करत म्हणाले, "पुण्याचं काम हाय वकीलसाहेब. मजुरीचं काय घिऊन बसलाय? रुद्रा म्हणतोय न्हवं, मग झालं." ह्यांना रुद्रा म्हणणारे गावात ते एकटेच.

पुन्हा टाळ्या पडल्या. ह्यांनी वकिलांकडे असं बघितलं, की जणू म्हणाले, सांगितलं नव्हतं?

संस्थेची नोंदणी झाली. पाटी लागली. गाद्या येत होत्या, जात होत्या, टंग टंग चालूच होतं. फरक इतकाच, की शनिवारी भाऊजी दुकानाच्या गल्ल्यापाशी यायचे ते बंद झाले. त्या दिवसांत गावात फोमच्या गाद्यांचं पहिलं दुकान निघालं होतं. लग्नाच्या रुखवतात फोम, बाळंतिणीला फोम. कापसाची गादी कोण भरून घेणार? भाऊजींच्या घरी चूल पेटत होती ती आमच्या आजाऱ्यांच्या गाद्यांवर, आणि तीच मजुरी आता पुण्याईच्या खात्यात जमा होत होती.

मला हे कळलं ते मेहरुनकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून. ती आमच्या मागच्या दारानं आली आणि म्हणाली, "अक्का, धुणंभांडं करायला कुठं घर आसंल तर सांगा. गल्लीत नको. लांब कुठंतरी."

मी तशीच चप्पल घालून तिच्यामागोमाग गेले. भाऊजी दारात पिंजत बसले होते. मला बघून हात थांबला.

"भाऊजी, हे असं किती दिवस चालायचं?" मी म्हणाले. "मी आज ह्यांच्याजवळ बोलते."

"वहिनी, तुमास्नी माझी शपथ हाय," ते झटकन म्हणाले. "त्यानं मला चार माणसांत खुर्चीत बसिवलं. आता मी म्हणू, मला खुर्ची नको, पैसा दे? त्याच्या तोंडाला काळं फासल्यागत हुईल. लोक म्हणतील, पिंजारी त्यो पिंजारीच."

"पण पोटाचं काय?"

"बघतो काय तरी. तुमी च्या घेणार?"

चहा घेतला. त्या घरात साखर नव्हती, गुळाचा होता. आणि घरी येऊन मी शपथ मोडली. असल्या शपथा पाळून कुणाचं भलं झालंय? ताटावर बसलेल्या ह्यांना मी सगळं सांगितलं. मेहरुनचं, चुलीचं, सगळं.

हे जेवायचे थांबले. "दस्तगीर मला बोलला असता," म्हणाले. "तुम्हा बायकांना प्रत्येक गोष्टीत पैसाच दिसतो. तरी मी विचारतो त्याला."

"एकट्याला गाठून विचारा," मी म्हणाले.

आणि ह्यांनी विचारलं, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजी दुकानावरून जात होते. दुकानात चार गिऱ्हाइकं. ह्यांनी काऊंटरमागूनच हाक मारली, "काय उपाध्यक्ष! काय अडचण बिडचण न्हाई न्हवं? आसली तर सांग बाबा, ही घरात माझं डोकं खायलीया!"

गिऱ्हाइकं हसली. भाऊजी फुटपाथवर उभे. "छ्या! कसली अडचण?" म्हणाले आणि पुढं गेले.

"बघ," हे माझ्याकडे वळून म्हणाले. "मिटलं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. याला भोळेपणा म्हणावा की काय म्हणावं, मला आजही कळत नाही. ह्यांच्या मनात कपट असतं तर मी भांडले असते. कपट नावाला नव्हतं, म्हणून तर हात टेकले.

पावसाळा संपता संपता इंगवले साहेबांचा मोठा हप्ता आला. नव्या कॉट घ्यायच्या होत्या आणि त्यांच्यावर गाद्या. पुन्हा माडीवर बैठक. या वेळी फक्त आम्ही विश्वस्त आणि सल्ल्याला वकील.

"गाद्यांचं काम दस्तगीरला देऊन टाकू," हे उत्साहानं म्हणाले. "एकदम मोठं काम हाय. ह्याचे तर पैसे देता येतील न्हवं? मजुरी न्हवं ही, खरेदी हाय."

मी देवाला हात जोडले. वाटलं, सुटला गुंता.

वकिलांनी मान हलवली. "नियम तोच. विश्वस्ताकडून खरेदीही नको. तीन दुकानांचे दर मागवा, त्यातून ठरवा. शिवाय साहेबांना रेक्झिनच्या फोमच्या गाद्या हव्यात. फिनेलनं पुसता येतात." मग प्रत्येक शब्द मोजून ते म्हणाले, "नदाफांनी राजीनामा दिला तर गोष्ट वेगळी. मग ते बाहेरचे होतील. दर देऊ शकतील, मजुरीही घेऊ शकतील."

"राजीनामा?" ह्यांचा आवाज चढला. "दस्तगीरचा? वकीलसाहेब, असलं तोंडातनं काढू नका. तो काय पैशाला हपापलेला हाय? माझ्या शेजारची खुर्ची त्याची. मी जिता हाय तवर त्याचीच."

"अहो, त्यांना तरी विचारा की," मी म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. घरातलं मोठं माणूस पाहुण्यांपुढं लेकराला नुसत्या डोळ्यांनी गप्प करतं, तसं. मी गप्प झाले.

"रुद्रा म्हणतोय ते बरोबर हाय," ते म्हणाले. "फोमच्या मागवा."

पुढच्या बैठकीला कोल्हापूरच्या दुकानदारांनी फोमचे तुकडे नमुन्याला पाठवले होते. तिन्ही टेबलावर मांडले. डॉक्टरांनी एक उचलला, ठेवला. गुरुजींनी वास घेऊन बघितला. कुणाला काय कळणार त्यातलं?

"अरे, आपल्यात जाणकार बसलाय की!" हे म्हणाले. ह्यांना खरोखरच आनंद झाला होता. "दस्तगीर, तू बघ. गादीतलं तुझ्याइतकं कळतंय कुणाला? तू म्हणशील ती घ्यायची."

भाऊजी उठले. पहिल्या तुकड्यावर पंजा दाबला, सोडला. दुसऱ्यावर दाबला. तिसऱ्याला अंगठा लावून तो वर किती लवकर येतो ते बघितलं, मग कोपरानं भार दिला. आयुष्यभर गिऱ्हाइकाची गादी जितक्या मन लावून बघितली, तितक्याच मन लावून बघत होते. कुठं घाई नाही, टाळाटाळ नाही. मला तिथनं उठून जावंसं वाटत होतं.

"ही घ्या," ते म्हणाले. "ही चांगली हाय. ही धा वर्षं पिंजावी लागायची न्हाई."

गुरुजी म्हणाले, "वा, छान." डॉक्टरांनी मान डोलवली. वकिलांनी मात्र ती खाली घातली. आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा हात टेबलावरच्या पेनाकडे निघाला होता, तो मध्येच थांबला. ह्यांना तेव्हा कळलं. इतके महिने मी सांगून जे कळलं नव्हतं, ते त्या एका वाक्यानं कळलं.

"दस्तगीर..." हे म्हणाले.

"सही कुठं करायची?" भाऊजींनी वकिलांना विचारलं. वकिलांनी ठरावाचा कागद पुढं सरकवला. भाऊजींनी खाली वाकून, एकेक अक्षर जोडत सही केली. पेन ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी कशीबशी सही केली. मग मी केली. ती सही मला अजून दिसते, माझं आडनाव मी अर्धंच लिहिलं होतं.

भाऊजींनी सगळ्यांना नमस्कार केला आणि ते खाली उतरले. हे चपला न घालताच मागं धावले. रस्त्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "राजीनामा दे म्हणालो, मी चुकलो म्हणालो. तर म्हणतो, दिलेला मान आता काढून घेतोस व्हय? त्यो तेवढा तरी ऱ्हाऊ दे."

दिवाळीच्या आधी भाऊजींनी पिंजण विकली. हुबळीत त्यांच्या जावयाच्या ओळखीनं एका मंगल कार्यालयात रखवालदारीचं काम मिळालं होतं, आणि नवराबायकोला राहायला खोली. आम्हाला कळलं ते निघायच्या दिवशी सकाळी, तेही दूधवाल्याकडून. हे दुकान उघडं टाकून एस.टी. स्टँडवर गेले. मीही गेले.

हुबळीची गाडी लागली होती. मेहरुन खिडकीशी बसली होती, मांडीवर स्टोव्ह घेऊन. भाऊजी टपावर ट्रंक चढवून खाली उतरत होते. ह्यांना बघून हसले, नेहमीसारखंच.

"आलास व्हय? दुकान कुणावर टाकलंस?"

ह्यांचा तोल गेला. स्टँडवरची माणसं बघताहेत याचंही भान राहिलं नाही. "जन्माचा दोस्त म्हणतोस आणि मला सांगितलं न्हाईस? एका शब्दानं बोलला असतास तर काय झालं असतं? मी इचारलं हुतं की तुला! दुकानातनं हाक मारून इचारलं हुतं का न्हाई?"

"इचारलं हुतंस की," भाऊजी म्हणाले. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "पर उत्तर घरनंच घिऊन आला हुतास, रुद्रा."

कंडक्टरनं घंटा मारली. भाऊजी चढले. हे खिडकीच्या बाजूनं गाडीबरोबर चालायला लागले, फाटकापर्यंत चालत गेले. काहीतरी विचारत होते, हात हलवून हलवून विचारत होते. गाडीच्या आवाजात आत काही ऐकू जात नव्हतं. भाऊजी कानाला हात लावून वाकत होते आणि मान हलवत होते, की ऐकू येईना, ऐकू येईना.